पतसंस्थेचा बॅकअप उघडत नाही: झिप अर्धवट, .बॅक अडलेली, जुन्या डीबीएफ रिकाम्या

पऱ्हाटी
यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावच्या पतसंस्थेचं काम आहे. संगणकातली मूळ हार्ड डिस्क पूर्ण गेली, बायोसमध्येही दिसत नाही. हाताशी फक्त १ टीबीची यूएसबी डिस्क आहे. तिच्यावर हे सापडलं:

मार्चअखेरची झिप, आकार ४,२९,४९,६७,२९५ बाइट. सेव्हन-झिप म्हणतं ‘अनएक्स्पेक्टेड एंड ऑफ आर्काइव्ह’.
फेब्रुवारीची एसक्यूएल सर्व्हरची .बॅक फाईल, झिप न केलेली. रिस्टोअरला लावली की ३२०१ नंबरची एरर येते.
२०१२ च्या आधीची खाती फॉक्सप्रो या जुन्या डेटाबेस प्रोग्रॅमच्या डीबीएफ फाईलींमध्ये. फाईलला आकार आहे, पण उघडली की शून्य रेकॉर्ड.

शिवाय डिस्कवरून कॉपी करताना मध्येच अडकतं आणि ‘सायक्लिक रिडन्डन्सी चेक’ असा संदेश येतो. तालुक्याच्या दुरुस्तीवाल्याने चेकडिस्क, म्हणजे विंडोजची डिस्क तपासायची कमांड, मारायला सांगितलं आहे. मारू का? ऑडिट तोंडावर आहे.

कोरडवाहू
अजिबात मारू नका. नुसतं चेकडिस्क फक्त वाचतं, पण /एफ लावलं की ते डिस्कवर लिहितं. ज्या फाईलच्या नोंदी त्याला पटत नाहीत त्यांचे तुकडे करून ‘फाउंड.०००’ नावाच्या फोल्डरमध्ये .सीएचके म्हणून टाकतं. /आर त्याहून वाईट. मरायला टेकलेल्या डिस्कचा एकेक सेक्टर ते तासन्‌तास घासत बसतं. चेकडिस्क फाईल सिस्टम जुळवून देतं, तुमचा डेटा वाचवणं हे त्याचं काम नाही.

आत्ता ती डिस्क काढून बाजूला ठेवा. पुन्हा लावाल तेव्हा कॅबिनेटच्या पुढच्या पोर्टला लावू नका, मागच्या, म्हणजे थेट मदरबोर्डवरच्या पोर्टला लावा. यूएसबी २ चं पोर्ट ५०० मिलिअँपिअरपर्यंत देतं, यूएसबी ३ चं ९००. अडीच इंची डिस्क फिरायला सुरुवात करताना यापेक्षा जास्त ओढू शकते. वीज कमी पडली तरी टक-टक आवाज येतो आणि डिस्क गायब होते, म्हणून आवाज आला की लगेच हेड गेलं असं धरू नका. लांब, स्वस्तातली केबल आधी बदला.

मग क्रिस्टलडिस्कइन्फो, म्हणजे डिस्कची तब्येत दाखवणारा प्रोग्रॅम, उघडून ०५, सी५, सी६ (खराब सेक्टरचे आकडे) आणि सी७ (जोडणीतल्या चुका) या चार ओळींचे आकडे इथे टाका. त्यातला रॉ आकडा सुरुवातीला हेक्समध्ये दिसतो, तो मेनूतून दशमानात करून घ्या. नाहीतर शेवटी १ए दिसतं आणि ते २६ आहे हे लक्षात येत नाही.

पऱ्हाटी
०५ शून्य, सी५ ४८, सी६ ४८, सी७ शून्य. आवाज नाही.

कोरडवाहू
सी७ शून्य आणि सी५-सी६ ४८, म्हणजे संशय जोडणीपेक्षा डिस्कच्या आतल्या चकतीवर जास्त आहे. ४८ सेक्टर वाचता येत नाहीत. आकडा लहान आहे, पण प्रत्येक वाचनात तो वाढू शकतो. म्हणून आधी प्रतिमा, म्हणजे सगळ्या डिस्कची सेक्टरनिहाय नक्कल, काढायची आणि पुढचं सगळं काम त्या प्रतिमेवर करायचं.

सिस्टमरेस्क्यू ही लिनक्सवरची दुरुस्तीची प्रणाली पेन ड्राइव्हवर टाकून संगणक त्यावरून चालू करा, त्यात डीडीरेस्क्यू हे बिघडलेल्या डिस्कची नक्कल काढणारं साधन तयार असतं. प्रतिमा ठेवायला १ टीबीपेक्षा मोठी दुसरी डिस्क लागेल आणि ती एनटीएफएस किंवा ईएक्सटी४ असायला हवी. एलएसबीएलके कमांडने कोणती डिस्क कोणत्या नावाने आली ते आकारावरून ओळखा आणि कागदावर लिहून ठेवा. इथे स्रोत आणि लक्ष्य यांची अदलाबदल झाली तर पुढे विचारायला काही उरत नाही.

पहिली फेरी -एन लावून करा. त्यात खराब जागा ओरबाडत न बसता चांगलं चांगलं आधी उचललं जातं. दुसरी फेरी -डी आणि -आर३ लावून, फक्त राहिलेल्या तुकड्यांसाठी. दोन्ही वेळा मॅप फाईलचं नाव तेच द्या. लाईन गेली तर याच मॅप फाईलमुळे काम जिथे थांबलं तिथून पुढे सुरू होतं. मॅप फाईल न देता चालवणारे लोक पाहिले की आश्चर्य वाटतं. वेळेचा अंदाज असा: यूएसबी २ वर सेकंदाला ३० एमबी धरले तर १ टीबीला नऊ तासांच्या वर, यूएसबी ३ वर १०० एमबी धरले तर तीन तासांच्या आत. खराब सेक्टरचा वेळ वेगळा.

सगळी प्रतिमा काढण्याएवढी जागा नसेल तर डिस्क रीड-ओन्ली माउंट करून फक्त हव्या त्या फाईलवर डीडीरेस्क्यू चालवता येतं.

आणि मे महिन्यात हे करत असाल तर डिस्कवर साधा पंखा सोडा. कूलरची हवा नको, ती दमट असते. क्रिस्टलडिस्कइन्फोत तापमान ५५ च्या वर गेलं तर थांबवून थंड होऊ द्या.

झाडीपट्टी
कोरडवाहूंनी सांगितलं ते पहिलं कराच. पण झिपचा आकार बघून एक गोष्ट आत्ताच सांगता येते. ४,२९,४९,६७,२९५ हा आकडा ४ जीबीला एक बाइट कमी, म्हणजे फॅट३२ वर एका फाईलला मिळणारी कमाल जागा. ही झिप आधी फॅट३२ पेन ड्राइव्हवर तयार झाली, मर्यादेला आपटून तुटली आणि तुटलेली तशीच यूएसबी डिस्कवर उतरली. तिचा आणि तुमच्या ४८ सेक्टरचा संबंध नाही. एक्सप्लोररने ४ जीबीवरची फाईल फॅट३२ वर टाकायला गेलात तर तो आधीच नकार देतो. बॅकअपचा प्रोग्रॅम मात्र थोडंथोडं लिहीत जातो, त्याला भिंत शेवटीच दिसते. पुष्कळ प्रोग्रॅम ती एरर गिळून ‘बॅकअप पूर्ण’ असं दाखवतात.

झिपची अनुक्रमणिका फाईलच्या शेवटी असते. शेपूट तुटलं की अनुक्रमणिका गेली, म्हणून सेव्हन-झिप रडतं. पण झिपमधल्या प्रत्येक फाईलच्या डोक्यावरही एक छोटा मथळा असतो. एचएक्सडीमध्ये (फाईलचे बाइट जसेच्या तसे दाखवणारा प्रोग्रॅम) उघडा, उजव्या रकान्यात ‘पीके’ ही दोन अक्षरं आणि त्यांच्यामागे ०३ ०४ असे बाइट दिसतील. प्रत्येक आतली फाईल इथून सुरू होते. शाबूत झिपच्या अगदी शेवटी पीके नंतर ०५ ०६ असतं. टिप्पणी जोडलेली नसेल तर तो शेवटचा भाग बरोबर २२ बाइटचा. तुमच्याकडे तो नसणार.

लिनक्समधली झिप कमांड -एफएफ लावून चालवा आणि --आउट ने नवीन नाव द्या. ती फाईल पहिल्यापासून चाळत मथळे गोळा करते आणि नवी अनुक्रमणिका बांधते. एकच एफ लावलात तर ती जुन्या अनुक्रमणिकेवर भिस्त ठेवते, तुमच्या कामाची नाही. तुटण्याच्या आधीच्या सगळ्या फाईली निघतील, तुटलेल्या जागची शेवटची फाईल अर्धी राहील. विनरारने काढणार असाल तर ‘कीप ब्रोकन फाइल्स’वर खूण करा, नाहीतर अर्धी फाईल तो स्वतःच पुसून टाकतो. आतल्या फाईलींच्या मराठी नावांच्या जागी प्रश्नचिन्हं आली तर घाबरू नका, ते नावाच्या एन्कोडिंगपुरतं आहे.

सेव्हन-झेडचं गणित वेगळं आहे आणि कडक आहे. तिथेही अनुक्रमणिका शेवटी, पण प्रत्येक फाईलला आपला मथळा नाही, आणि सॉलिड प्रकारात अनेक फाईली एकत्र पिळून काढलेल्या असतात. एका ठिकाणी बिघडलं की त्या गठ्ठ्यातलं पुढचं सगळं जातं. पहिले ३२ बाइट बघायचे. त्यातले पहिले ८ ठीक आणि उरलेले २४ शून्य असतील तर पॅकिंग पूर्ण झालंच नव्हतं. बॅकअपसाठी लोक सेव्हन-झेड का निवडतात कळत नाही. थोडी जागा वाचते, पण एक बाइट सडला की किंमत मोठी.

राजेहो
भाऊ, एक सोपी गोष्ट कोणी नाही सांगितली. झिप दोनदा टेस्ट करून पाहजा. पहिल्यांदा पाच नंबरच्या फाईलले सीआरसी एरर आली, अन् दुसऱ्यांदा पाच नंबर पास झाली पण बारा नंबर फेल, तर फाईल खराब नाही, तुमच्या मशीनची रॅम खराब हाय. बिघडलेली फाईल दर वेळी तिथंच बिघडते. रॅमच्या पट्ट्या काढा, खोडरबरनं टोकं पुसा, एकेक पट्टी लावून मेमटेस्ट रात्रभर चालवा. जिनिंगच्या बाजूच्या दुकानात संगणकात कापसाचं सूत इतकं भरलेलं राहते का पंखा फिरतच नाही, अन् मग लोक म्हणतात बॅकअप करप्ट झाला.

पऱ्हाटी
प्रतिमा निघाली. दोन्ही फेऱ्यांनंतर १६ सेक्टर वाचायचे राहिले. झिपवर -एफएफ चालवलं. आतल्या लहान फाईली आल्या, पण मुख्य .बॅक सर्वांत शेवटी होती, ती अर्धीच. फेब्रुवारीची .बॅक सुटी आहे, तीच आता आधार. ती अजून ३२०१ वर अडली आहे.

झाडीपट्टी
अर्धी .बॅक सोडून द्या. व्यवहारांच्या लॉगचा भाग .बॅकमध्ये डेटाच्या मागून येतो, तोच नसेल तर डेटाबेस सुसंगत अवस्थेला पोचत नाही. पैसे भरून घ्यायचं एखादं साधन त्यातून टेबलं उचलू शकेल. पण डेमोमध्ये तुमची टेबलं आणि ओळी डोळ्यांनी दिसल्याशिवाय रुपया देऊ नका. ‘रिपेअर’ नावाच्या पुष्कळ साधनांचा डेमो फक्त हिरवी पट्टी पळवून दाखवतो.

कोरडवाहू
३२०१ च्या ओळीत पुढे ‘ऑपरेटिंग सिस्टम एरर ५’ आहे का बघा. असेल तर फाईल खराब नाही, परवानगी नाही. एसक्यूएल सर्व्हर आपल्या वेगळ्या सर्व्हिस खात्याने चालतो, त्याला तुमच्या डेस्कटॉपवरचं वाचता येत नाही. फाईल एसक्यूएलच्याच ‘बॅकअप’ फोल्डरमध्ये ठेवा.

नंतर या क्रमाने जा. रिस्टोअर हेडरओन्ली: बॅकअप कोणत्या आवृत्तीचा, कधीचा, किती आकाराचा ते कळतं. रिस्टोअर फाईललिस्टओन्ली: आतल्या डेटा आणि लॉग फाईलींची नावं. रिस्टोअर व्हेरिफायओन्ली: फाईल शेवटपर्यंत वाचता येते का. बॅकअप घेताना चेकसम (पडताळणीचा आकडा) लावलेला नसेल तर व्हेरिफाय पास झालं म्हणजे आतली पानं, म्हणजे डेटाचे तुकडे, धड आहेत असं होत नाही, हे ध्यानात ठेवा.

३२४१ एरर आली तर लगेच करप्ट म्हणू नका. २०१९ वर घेतलेला बॅकअप २०१४ वर कधीच चढत नाही. सर्व्हरची आवृत्ती बॅकअपच्या बरोबरीची किंवा वरची लागते. एक्स्प्रेस, म्हणजे मोफत आवृत्ती, २०१४ ते २०२२ मधली वापरत असाल तर डेटाबेसला १० जीबीची मर्यादा आहे.

रिस्टोअर नव्या नावाने करा, मूव्ह लावून फाईलींची जागा बदला. चालू डेटाबेसवर रिप्लेस लावून चढवू नका. मध्येच ३१८३ आली, म्हणजे एखादं पान खराब निघालं, तर कंटिन्यू-आफ्टर-एरर लावून पुन्हा चालवा. डेटाबेस उभा राहिला की डीबीसीसी चेकडीबी ही तपासणीची कमांड चालवा. त्याच्या अहवालात इंडेक्स आयडी बघा. २ किंवा त्यापुढचा असेल तर नुसता इंडेक्स बिघडला आहे, तो काढून परत बांधला की झालं, एकही ओळ जात नाही. ० किंवा १ असेल तर मार प्रत्यक्ष डेटावर आहे. अशा वेळी रिपेअर-अलाउ-डेटा-लॉस लगेच चालवू नका, नाव वाचलं तरी कळेल. आधी चांगली टेबलं दुसऱ्या डेटाबेसमध्ये सिलेक्ट-इन्टूने हलवा. बिघडलेल्या टेबलातून खाते क्रमांकाच्या टप्प्यांनी ओळी काढा: १ ते १०००, १००१ ते २०००. जो टप्पा अडेल तो निम्मा करत जा. हाताने असं केलं तर कोणत्या सभासदाची ओळ गेली हे तुम्हाला माहीत असतं. रिपेअर पान टाकून देतं, आणि काय टाकलं ते नंतर शोधत बसावं लागतं.

धुरकरी
मध्येच विचारतो, विषय जवळचा आहे. आमच्या कृषी केंद्राच्या बॅकअपच्या सगळ्या फाईलींच्या नावापुढे चार अक्षरांचं भलतंच शेपूट लागलं आणि फोल्डरमध्ये पैसे मागणारी चिठ्ठी. झिपवर -एफएफ चालेल का?

झाडीपट्टी
चालू शकतं, पण कोणतं रॅन्समवेअर आहे त्यावर. क्रॅक केलेल्या सॉफ्टवेअरमधून येणारं स्टॉप-डीजेव्हीयू कुटुंब मोठ्या फाईलचे फक्त पहिले दीडेकशे केबी एन्क्रिप्ट करतं, बाकी फाईल जशीच्या तशी. झिपमध्ये अनेक फाईली असतील तर पहिली एकदोन गेली, बाकीच्या निघतात. एचएक्सडीत बघा, पुढे कुठे ‘पीके ०३ ०४’ दिसतं का. दिसलं तर शेपूट काढून नाव परत .झिप करा आणि प्रतीवर चालवा. ‘नो मोअर रॅन्सम’च्या संकेतस्थळावर फाईलचा नमुना टाकून मोफत किल्ली आहे का तेही पाहा. बाकी काही कुटुंबं पूर्ण फाईल एन्क्रिप्ट करतात, तिथे काही चालत नाही. चिठ्ठी आणि एन्क्रिप्टेड फाईली पुसू नका, किल्ली उशिरा प्रसिद्ध होऊ शकते. आणि विंडोज नव्याने टाकल्याशिवाय दुसरी बॅकअप डिस्क त्या मशीनला लावू नका.

टॅली असेल तर अजून एक. ईआरपी ९ चा बॅकअप टीबीके९००.००१ या ठरलेल्या नावाने पडतो. तोच फोल्डर परत दिला की जुन्यावर नवा बसतो. म्हणजे डेटा बिघडल्यावर घाईने बॅकअप घेतला की चांगल्यावर बिघडलेला चढतो. दर वेळी तारखेचा वेगळा फोल्डर द्या.

पऱ्हाटी
एरर ५ च होती. फाईल हलवली, रिस्टोअर झालं, चेकडीबीत एका नॉनक्लस्टर्ड इंडेक्सच्या एरर होत्या, आयडी ३. काढून बांधला. आता डीबीएफ राहिल्या.

राजेहो
डीबीएफ म्हणजे आपलं आवडतं काम. त्याच्यात लपवाछपवी काहीच नाही राहत, साधा सरळ तक्ता. एचएक्सडीत उघडा, पण नक्कल.

पहिले ३२ बाइट मुख्य मथळा. पहिला बाइट प्रकार, पुढचे तीन तारीख. ४ ते ७ या जागेवर रेकॉर्डची संख्या. ८-९ वर मथळ्याची एकूण लांबी. १०-११ वर एका रेकॉर्डची लांबी. आकडे उलटे लिहिलेले राहतात, लहान बाइट आधी. त्याच्यामागं दर रकान्याले ३२ बाइट, अन् शेवटी ०डी. म्हणजे १२ रकाने असतील तर ३२ + ३८४ + १ = ४१७. व्हिज्युअल फॉक्सप्रोची असली, पहिला बाइट ३०, तर अजून २६३ जोडा.

प्रोग्रॅम चालू असताना लाईन गेली का बहुतेक वेळा रेकॉर्ड लिहिलेले राहतात, पण वरची संख्या लिहायची राहून जाते. तुमचं शून्य तेच दिसून राहिलं. संख्या आपण काढू. समजा फाईल १३,६४,५७८ बाइटची, मथळा ४१७, रेकॉर्ड ९६. शेवटचा १ए हा एक बाइट सोडा. १३,६४,५७८ वजा ४१८ म्हणजे १३,६४,१६०. भागिले ९६, बरोबर १४,२१०. भागाकार पूर्ण आला म्हणजे हिशोब जुळला. १४,२१० चं हेक्स ३७८२, उलटं करून चौथ्या जागेपासून ८२ ३७ ०० ०० लिहा. सेव्ह करा, उघडा.

भागाकारात बाकी उरली तर मधात कुठंतरी तुकडा गेला किंवा घुसला. दर रेकॉर्डचा पहिला बाइट २० राहते, डिलीट केलेला असला तर २ए. एचएक्सडीत एका ओळीतले बाइट ९६ करून टाका, सगळे रेकॉर्ड एकाखाली एक येतात. जिथं रांग वाकडी झाली, तिथं मार हाय.

मथळाच पूर्ण शून्य असंल तर दुसऱ्या वर्षाच्या त्याच टेबलाचा मथळा उचला, रचना सारखीच राहते. डकवताना कंट्रोल-बी, कंट्रोल-व्ही नाही. व्ही दाबलं का मधात घुसते अन् सगळं पुढं सरकते. मग रेकॉर्डची संख्या वरच्यासारखी. जुन्या इंडेक्स फाईली वापरू नका, नव्यानं बांधा.

अन् रेकॉर्डच्या जागेवर सगळे ०० च ०० दिसले तर तिथं थांबा. एनटीएफएस फाईलचं नाव अन् आकार सांभाळते, आतला मजकूर डिस्कवर पोचला का नाही त्याची हमी देत नाही. शून्यातून कोणतंच सॉफ्टवेअर नाव काढून देत नाही.

पऱ्हाटी
सभासद आणि ठेवी, दोन्ही टेबलं आली. भागाकार बरोबर बसला. पण नावं सगळी चित्रविचित्र इंग्रजी अक्षरांत आहेत.

कोरडवाहू
तो बिघाड नाही. त्या काळच्या प्रोग्रॅममध्ये मराठी युनिकोडमध्ये नसायची, आठ बिटांच्या फॉन्टमध्ये असायची. तोच फॉन्ट लावल्याशिवाय नाव वाचता येत नाही. जुन्या संगणकाच्या विंडोज-फॉन्ट्स फोल्डरची नक्कल कुठे आहे का पाहा, किंवा प्रोग्रॅमच्या फोल्डरमध्ये .टीटीएफ फाईल शोधा. श्रीलिपी, सुरेख, कृतिदेव, प्रत्येकाची अक्षररचना वेगळी, म्हणून कन्व्हर्टरही त्याच फॉन्टचा लागतो.

लिबरऑफिसमध्ये उघडताना ते अक्षरसंच विचारतं, तिथे विंडोज-१२५२ निवडा. यूटीएफ-८ निवडून सेव्ह केलंत तर १२७ च्या वरचे बाइट बदलतात, आणि मग खरोखरच करप्ट होईल. कन्व्हर्ट करायचं ते निर्यात केलेल्या प्रतीवर, मूळ डीबीएफवर नाही. आडनावांतले रफार आणि ऱ्हस्व वेलांटी कन्व्हर्टरमध्ये हमखास चुकतात, ती हाताने तपासा.

झाडीपट्टी
संस्थेला डेटा परत देण्याआधी छापील कागदाशी जुळवा. फेब्रुवारीच्या बॅकअप तारखेची तेरीज काढा आणि त्या दिवसाच्या छापील किर्दीतली अखेरची रोख शिल्लक लावून बघा. जुन्या डीबीएफसाठी मागच्या ऑडिट अहवालातली एकूण ठेवींची रक्कम घ्या. बेरीज जुळली तरी २ए खुणेचे, डिलीट केलेले रेकॉर्ड बेरजेत आले नाहीत ना ते पाहा, लिबरऑफिसमध्ये आणि फॉक्सप्रोत त्यांची वागणूक वेगळी असते. मग वेगवेगळ्या पानांवरची पंधरा-वीस खाती पासबुकाशी ताडा.

फेब्रुवारीपासून पुढच्या नोंदी व्हाउचरवरूनच पुन्हा घालाव्या लागतील. पिग्मी एजंटांच्या हातातल्या मशीनमध्ये काही दिवसांचं कलेक्शन शिल्लक असू शकतं, ते मशीन संगणकाला जोडायच्या आधी त्यातून पावत्या छापून घ्या. जोडल्यावर काही मशीन जुना डेटा पुसतात.

पऱ्हाटी
एजंटांना आजच सांगतो, मशीन जोडू नका म्हणून.